सागवानी कपाटातले सरडे

तुम्ही आज या कपाटाचं कौतुक करताय, पण त्याच्यापायी माझी काय धांदल उडाली होती ते ऐका. मी दोन परदेशी सरडे पाळलेत हे कळल्यावर फर्दापूरहून माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, फोनवरच सांगितलं, "घरात सरडे असतील तर मी गारखेड्याला तुमच्याकडं चहालाही थांबणार नाय."

मला सरडे सोडायचे नव्हते आणि आप्पांनाही तोडायचं नव्हतं. मग महिनाभर खपून मी सागवानाच्या, समोरून काच असलेल्या पेट्या केल्या. एकीवर एक रचल्या की दिवाणखान्यातलं कपाटच वाटायचं.

आप्पा आले. आल्या आल्या त्यांनी कपाटावरून हात फिरवला.

"लई सफाईचं काम हाय. सुतार कोण?"

"मीच."

तेवढ्यात वरच्या काचेमागं सरड्यानं मान वर केली. आप्पांचा हात जागीच थांबला.

"हे तेच व्हय?"

"व्हय, आप्पा."

त्यांनी वाकून पेटीच्या कोपऱ्यातल्या सांध्यांवरून नख फिरवलं. मग त्यांनी जाऊन घराचं दार उघडलं आणि शेजाऱ्यांना हाक मारली, "या, आमच्या सूनबाईचं काम बघा!"

सरडा दिसताच शेजारी मागं सरकले, तसे आप्पा उखडले, "अहो, त्याला काय भेता? कुठं सांधा दिसतोय का, ते सांगा!"