सतरावं वळण

(व्रशिच घाटातली शेवटची चढण, एकूण वळणं चोवीस. सायकलशर्यतीत अलेन्का आणि तिची प्रतिस्पर्धी पेत्रा आघाडीवर, अलेन्काचे वडील मिरान मागच्या गाडीत. बोलणं कानातल्या रेडिओवरून.)

मिरान : अगं, पेत्रा सुटली! सीटवरून ऊठ, धर तिला!

अलेन्का : थांबा. घड्याळ वाजलंय. खातेय.

मिरान : आत्ता? सहाव्या वळणावर? शर्यत आहे की लग्नाची पंगत?

अलेन्का : दर वीस मिनिटांनी भाताची वडी, वर साखरपाणी. तासाला नव्वद ग्रॅम साखर. अख्खा हिवाळा पोटाला सवय लावलीय.

मिरान : अख्खा हिवाळा मी तुला अधाशी म्हणत होतो, तेच बरोबर. आम्ही घाट रिकाम्या पोटी चढायचो.

अलेन्का : आणि तुमच्या शर्यतीत तुम्ही सतराव्या वळणावर बसलात.

मिरान : पाय गेले होते माझे!

अलेन्का : आजीनं दिलेला मधाचा पाव पायथ्याशी कुणी फेकला होता?

मिरान : ओझं नको म्हणून! सगळेच फेकायचे. चाळीस सेकंद पुढे गेली ती, पोरी. आज हरलीस तर राष्ट्रीय संघ विसर.

अलेन्का : माहितीये. तिनं शेवटचं कधी खाल्लं?

मिरान : तिचा कोच माझ्याच जमान्यातला. पायथ्याशी खाण्याची पिशवी फेकायला लावली तिला. मी पाहिलं.

अलेन्का : मग ओरडू नका. आकडे सांगा.

मिरान : बारावं वळण, तीस सेकंद... चौदावं, अठरा! अगं, तिचे खांदे डुलायला लागलेत.

अलेन्का : दिसतेय मला.

मिरान : सोळावं. अलेन्का...

अलेन्का : काय?

मिरान : वीस मिनिटं झाली. खा.

अलेन्का : काय म्हणालात?

मिरान : खा म्हटलं ना! मुकाट्यानं खा!

अलेन्का : खाल्लं. आता कुठे आहे ती?

मिरान : सतराव्यावर. उभीच राहिलीय गं. अगदी तिथंच, मी बसलो होतो त्या दगडापाशी...

अलेन्का : बाबा, रडताय?

मिरान : गप! मागे टाक तिला! आता जोर मार!

अलेन्का : पायात अजून भरपूर आहे, बाबा! बघा!

मिरान : बघतोय! एकटी आहेस पुढे! बावीस... तेवीस... जिंकलीस! अलेन्का, जिंकलीस गं!

अलेन्का : आरडाओरडा पुरे, कान फुटले माझे! आणि तोंडात काय आहे तुमच्या?

मिरान : गाडीत उरलेली तुझी वडी.

अलेन्का : कशी लागली?

मिरान : गोड आहे. अडतीस वर्षं मी या पायांना शिव्या घातल्या गं. बिचारे उपाशी होते.