खारीला मिळालेली खोली

वाचता येत नाही? आमच्या मनूला? अहो आकांक्षाबाई, मला सांगितलंत ते सांगितलंत, खालच्या मजल्यावरच्या कालिंदीला नका सांगू, हसून हसून जिन्यातच बसेल ती — तिचे गॅसचे नि बँकेचे मेसेज कोण वाचून दाखवतं, आमचा मनूच ना — थांबा, आधी बसा. पलंगावर बसा. ती खुर्ची आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. कोणी काही म्हणणार नाही तुम्हाला, पण तिला मधे असा खड्डा पडलाय की बसलेला माणूस उठत नाही. आबा खाली मंडळाच्या बाकड्यावर गेलेत, मनूपण खालीच खेळतोय, म्हणून तर बरं, मोकळं बोलता येईल. चहा घेणार ना? आलं चालतं? दादरच्या तुम्ही, म्हणून विचारलं — चालतं ना, आल्याला काय दादर नि परळ.

हां, तर काय म्हणत होतात? गट. मागे पडलेल्या मुलांचा वेगळा गट, त्यांना शेवटच्या तासाला बाजूच्या खोलीत बसवणार, आणि तुमच्या डी.एड.च्या मॅडम शुक्रवारी तुमचा पाठ बघायला यायच्या आत नावं द्यायचीत. आणि त्यात मनूचं नाव. का, तर मोठ्याने वाचताना अंदाजाने वाचतो, पुस्तकात नाही ते घालतो. बरोबर ना? बरं मग वाचलं तरी काय त्याने? नाही, सांगा ना, मला घरी काही बोलला नाही तो — खार? — हां — खारीचं घरटं पडतं — ती सगळ्यांकडे जागा मागते — कोणी देत नाही — शेवटी थंडीत कुडकुडत बसते. रडका धडा आहे हो, चौथीच्या पोरांना कशाला असलं. मग? मनूने शेवट कसा वाचला? — काय? "शेवटी खारीला दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, दहा बाय बाराची, गॅलरीसकट, नळ आत" — अगं आई गं! नळ आत! नाही नाही, मी तुम्हाला नाही हसत, माफ करा हां — नळ आत म्हणे — बरं झालं संडासाचं काही बोलला नाही. पोरं हसली असतील ना वर्गात? हसणारच. नि तुम्ही कपाळाला हात लावलात.

पण बाई, आता मला सांगा, ज्याला वाचता येत नाही तो असं वाचेल का? वाचता न येणारं पोर कसं अडखळतं, तोंडातल्या तोंडात पुटपुटतं, बोट ठेवून ठेवून कागदाला भोक पाडतं. हा अडखळला का? नाही ना. घडाघडा वाचलं ना? सुरात वाचलं ना? मग. हा अंदाज नाही, ही सवय आहे. घरची सवय आहे. तुम्हाला वस्तीची माहिती पण लिहायचीय म्हणालात ना कॉलेजसाठी — मुलांच्या घरी काय वाचतात, कोण वाचतं — मग हेच लिहा. पुस्तकं म्हणाल तर शाळेची सोडून काही नाही, खोटं कशाला बोलू. पण पेपर आहे. रोज संध्याकाळी गॅलरीत पेपरवाचन आहे. सकाळचा पेपर संध्याकाळी — आबांचा नियम, मिलमध्ये होते तेव्हा पहिल्या पाळीहून घरी येऊन मगच वाचायचे, तेव्हापासूनचा. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, अक्षर दिसेना, माणूस कासावीस — दारू नाही, तंबाखू नाही, एक पेपर तेवढा — तेव्हा मनू दुसरीत होता, नुकता वाचायला लागलेला. आबांनी त्यालाच धरलं. हा गॅलरीत स्टुलावर, आबा खुर्चीत, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "आज कोण गेलो रे?" म्हणजे निधनवार्ता. म्हातारी माणसं, त्यांचं पहिलं पान तेच. मग मनू वाचणार, अमुक तमुक, राहणार मालवण, आणि आबा म्हणणार, "मेलो? काल तर बरो होतो!" — काल म्हणजे नव्वद साली बघितलेला असतो त्याला.

आता ऐका, हल्ली काय वाचतो आमचा मुलगा. "निधन : आज कोणी नाही." रोज! गेली दीड-दोन वर्षं या पेपरात कोणीही मेलेलं नाही, बाई. सगळा महाराष्ट्र ठणठणीत. पुढे, "गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत परळ येथील धोंडू परब यांना घर, खिडकीतून समुद्र दिसतो." धोंडू परब म्हणजे आबाच. आबा म्हणतात, "किती मजले वर?" हा म्हणतो, "छापलेलं नाही." बघा, किती इमानदार! बातमी मनाची, पण विचारलं तर छापलेलं नाही म्हणणार. भेंडी स्वस्त. पाणी चोवीस तास. एकदा तर, "लालबाग-परळ कोलंबीभात स्पर्धेत लतिका परब पहिल्या, इतर बायका नाराज" — लतिका म्हणजे मीच — कालिंदी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, तिला वाटलं खरंच स्पर्धा झाली नि मी तिला सांगितलं नाही. आणि हवामान! ते तर ऐकायलाच हवं तुम्ही. "हवामान : परळ विभागात सकाळी गणिताच्या वहीमुळे गडगडाट झाला. रात्री वातावरण निवळेल. तुरळक ठिकाणी चपला पडतील." अशी भाषा! आता "तुरळक" शब्द त्या पोराला आला कुठून? पेपर वाचूनच ना? खरा पेपर आधी नीट वाचल्याशिवाय असा खोटा वाचता येईल का कोणाला? तुम्हाला येईल? मला नाही येणार.

मी काय करते? मी आतच असते, स्वयंपाक चालू असतो माझा. पण आवाज येतो ना — मोठ्याने वाचतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं — मी मिक्सर लावत नाही त्या वेळेला. फोडणी थांबवून ठेवते. पहिल्यांदा ते हवामान ऐकलं तेव्हा माझी पोळी करपली, इतकी हसले. तेव्हाचं आठवतंय मला चांगलं, कारण त्याच्या आधी कितीतरी महिने — जाऊ दे. साखर बघा बरोबर आहे का. कमी असेल तर सांगा, लाजू नका.

नाही, लाडाने बिघडलाय असं नाही. खोटं बोलायची सवय पण नाही त्याला. का म्हणजे... आता तुम्ही शाळेतल्या, तुम्हाला माहीत असेलच, मनूला पप्पा नाहीत. नव्हतं माहीत? दाखल्यावर असेल की. तो दुसरीत असताना गेले. लोअर परळला ऑफिसात होते, लिफ्टच्या कामावर, सकाळी डबा घेऊन गेले नि दुपारी फोन आला, छातीत दुखून तिथेच. बरं, ते असो. आबा म्हणाले पेपरात द्यायला पाहिजे, गावच्या माणसांना कळायला नको का. मंडळाच्या पोरांनी दिलं. दहाव्याच्या आदल्या दिवशी आलं ते. घरात माणसं, कोणाचं कोणाकडे लक्ष नाही, आणि संध्याकाळ झाली तसे हे दोघे आपले सवयीने गॅलरीत जाऊन बसले. आणि आबांनी — तोंडाची सवय हो, दुसरं काय — विचारलं, "आज कोण गेलो रे?" आणि हा वाचायला लागला. जोडाक्षरं नुकतीच शिकवलेली शाळेत. "हि-तें-द्र" — द्र बरोबर आला म्हणून मान वर करून हसला बघा आमच्याकडे. मग खाली बघितलं. मग कळलं त्याला आपण काय वाचलं ते.

दुसऱ्या दिवशी आबा विचारीनात. तर हाच पेपर घेऊन गेला नि बसला, आणि आपणहून म्हणाला, "निधन : आज कोणी नाही." तेव्हापासून हे असं. मी तर तेव्हा कशातच नव्हते, बोलतच नव्हते मी कोणाशी. खरं सांगते. ही आता तुमच्यासमोर पोपटासारखी बोलतेय तीच मी, पण तेव्हा हाक मारली तरी हूं नाही की चूं नाही. कामाचं तेवढं करायचे. आबा, कालिंदी, सगळे घाबरलेले — अहो, घ्या ना बिस्कीट. रडताय की काय? वेड्या आहात का तुम्ही, आम्ही नाही रडत नि तुम्ही कशाला? शिक्षिका व्हायचंय ना, मग कडक राहा जरा.

तर माझं म्हणणं एवढंच. मी सांगते त्याला, वर्गात छापलंय तेच वाचायचं, घरचं ते घरी. ऐकेल तो. पण त्या गटात नका टाकू. एकदा का बाजूच्या खोलीत बसला की पोरं चिडवणार, आणि चिडवलेलं आबांच्या कानावर जाणार, बाकड्यावर सगळं कळतं त्यांना. मग आबा काय करतील? वाचन बंद. माझ्यामुळे पोराचं नुकसान झालं म्हणतील, आणि गप्प बसतील. एकदा गप्प बसलेलं घर बघितलंय मी, मला परत नकोय ते. आणि वाचून घ्यायची गरज असती तर चार दिवसांनी परत सुरू तरी झालं असतं, पण आबांना तरी कुठे गरज आहे, सकाळी मनू शाळेत गेला की चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत सगळा पेपर स्वतः —

म्हणजे — चाळतात हो. चित्रं बघतात.

बरं, गेलं तोंडातून. आता काय लपवायचं. दिसतं त्यांना, स्वच्छ दिसतं. गेल्या दिवाळीनंतर ऑपरेशन झालं ना दोन्ही डोळ्यांचं. सुईत दोरा ओवून देतात मला, तांदळातले खडे काढतात. पण मनूसमोर अजून चाचपडत चालतात, पेपर उलटा धरतात मुद्दाम. मला म्हणाले, "पोराक सांगू नको, तेका वाटता माका दिसणा नाय, वाचूं दे." म्हणून मी पण गप्प. पोराला वाटतं आबांना आपली गरज आहे, आपण फसवतोय नि आबा फसतायत. ते कळलं तर त्याचा सगळा उत्साहच जाईल, म्हणून तुम्हाला हात जोडते, तुमच्या त्या वस्तीच्या माहितीत हे घालू नका, आणि मनूसमोर तर चुकूनही —

कोण? दार लोटलेलं ना? — मनू?

कधी आलास तू? तिथे काय उभा राहिलायस पाय न धुता? बाई आल्यात, नमस्कार कर. — कधीपासून उभा होतास? — मनू, हे बघ, आबांचं मी जे बोलले ना, ते आपलं — काय? माहितीय? काय माहितीय? — बघा, म्हणतो मला माहितीय. अरे, कसं माहितीय? कोणी सांगितलं? — आबांनीच? कधी? — पट्टी काढली त्याच आठवड्यात?

म्हणजे आबांना दिसतं ते तुला ठाऊक. आणि तुला ठाऊक आहे ते आबांना ठाऊक. आणि मी इथे सहा-सात महिने त्या म्हाताऱ्याचा चष्मा लपवत फिरतेय. अरे वा. बरेच शहाणे आहात की दोघं. मग ते चाचपडणं कोणाला दाखवायला? आबा स्वतः वाचतात, तुला कळतं ते वाचतात, मग रोज संध्याकाळी इतक्या मोठ्यांदा ओरडून कोणासाठी वाचता रे तुम्ही? कोण आहे तुमचं ऐकायला? बोल ना. अरे, मी विचारतेय काहीतरी —

माझ्याकडे काय बघतोस?

...

बाई, तुम्ही निघा आता. नाही, नाही, काही नाही झालं, कप राहू दे तिथेच. मुलाला वाचता येतं, तसं लिहा. जिन्यातला दिवा गेलाय, कठड्याला धरून उतरा — आणि मागे वळून बघू नका माझ्याकडे. जा ना हो.