मृत्युपत्रावरचे बाबा

माझे नाव ज्योत्स्ना विलास वाढई, वय ४१ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार चिमूर, जिल्हा चंद्रपूर. माहेर मौजा मोहबोडी, याच तालुक्यातले. मी आपण होऊन ठाण्यात आले असून, विचारल्यावरून समक्ष सांगते की,

माझे वडील सोमाजी लटारू मोहुर्ले मागच्या फाल्गुनात वारले. त्याआधी दीड वर्ष ते लकव्याने खाटेवर होते. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. कूस बदलायलासुद्धा त्यांना आई लागायची. त्यांच्या मागे आई रुखमाबाई, मी आणि धाकटा भाऊ धनराज असे तीन वारस आहोत. वडिलांनी स्वतः कमावलेली धानाच्या बांधीची जमीन आणि राहते घर एवढीच इस्टेट आहे. आई त्याच घरात राहते.

तेरवी आटोपल्यावर धनराजने मला सांगितले की, बाबांनी मृत्युपत्र करून सर्व त्याच्या नावे केले आहे, सबब मी वारस म्हणून नाव लावायच्या भानगडीत पडू नये. घर विकायचे असल्याने आईने माझ्याकडे राहायला जावे, असेही तो म्हणाला. मी मृत्युपत्र दाखवायला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बाई, तू कायले पाह्यतं? रजिस्टर आहे ते. तुले काय समजते त्यातलं?" हे बोलणारा इसम दहावीला तीनदा बसला आहे.

मी नोंदणी कार्यालयात अर्ज करून नक्कल काढली. त्यात आईचा उल्लेख एकदाच आहे. 'पत्नीस मुलीने सांभाळावे.' म्हणजे जमीन मुलाला, घर मुलाला, आणि उरलेली आई मला. मृत्युपत्राची तारीख बाबा खाटेवर होते तेव्हाची आहे. नोंदणी करताना करून देणाऱ्याचा फोटो काढतात आणि अंगठा घेतात, ही गोष्ट धनराजच्या ध्यानात राहिलेली दिसत नाही. फोटोत पांढरा फेटा, पांढऱ्या मिशा आणि चेहऱ्यावर मोठे दुःख असलेला म्हातारा आहे. तो माझा बाप नाही. ते गुणवंतराव आहेत.

गुणवंतराव वडशाच्या एका नाटक मंडळीत बापाचे काम करतात. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि रात्री नाटक असते. धनराज गावच्या मंडळाचा अध्यक्ष असल्याने नाटक तोच ठरवतो. गुणवंतराव आमच्या गावी दर मंडईला तिसऱ्या अंकात मरतात आणि बाया डोळ्याला पदर लावतात. मीही लावला आहे. दोन जिल्ह्यांतल्या पानठेल्यांवर त्यांचे पोस्टर असते. खोटा बाप आणायचाच होता तर निदान अनोळखी आणावा, एवढी तरी अक्कल अध्यक्षाला असायला हवी होती. साक्षीदार म्हणून शेजारच्या देवरावची सही आहे. देवरावने बाबांच्या खाटेशेजारी बसून रोज आमचा चहा प्यायलेला आहे.

मी व माझे पती गुणवंतरावांना भेटलो. त्यांनी काहीच नाकारले नाही. बाबांचीच तशी मर्जी आहे, फक्त चालता येत नाही, तुम्ही त्यांच्या जागी बसा, असे धनराजने सांगितल्याचे ते म्हणाले. अधिकाऱ्यासमोर त्यांनी मुलाच्या सेवेबद्दल भरदार आवाजात चार वाक्ये म्हटली. माझ्या बापाला वाचाच नव्हती हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. निघताना त्यांनी मला विचारले, "बाई, काम बरं झालं होतं ना?" हे जबाबात नको असे लिहून घेणारे जमादार म्हणत होते. मी लिहायला लावले आहे.

मी आधी दिलेल्या तक्रारीवरून परवा आईला चौकशीसाठी याच ठाण्यात बोलावले होते. मी तिच्या शेजारी उभी होते. धनराज बाहेर मोटारसायकलवर बसून होता. फोटो दुसऱ्याचा निघाला तर मुलगा आत जाईल, हे जमादारांनी तिला आधीच सांगितले. मग फोटो समोर ठेवून हा कोण आहे असे विचारले. आई म्हणाली, "सोमाजी. सोमाजी लटारू मोहुर्ले. माये मालक."

त्याच संध्याकाळी धनराजने आईची पेटी मोटारसायकलला बांधून तिला माझ्या दारात आणून सोडले. तो घरात आलासुद्धा नाही.

माझी तक्रार कायम आहे. आईने काहीही सांगितले तरी मृत्युपत्रावरचा अंगठा कोणाचा ते तपासावे. अंगठ्याला मुलगा नसतो. आईविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. फक्त एवढे लिहून घ्यावे की, आमच्याकडे बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. लग्न झाल्यापासून माझ्या आईने ते कधी तोंडातून काढले नाही. रेशन दुकानात, दवाखान्यात, मृत्यूच्या दाखल्याच्या वेळीसुद्धा नाव विचारले की ती माझ्याकडे पाहायची आणि मी सांगायचे. परवा तिने माझ्याकडे पाहिले नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. आई बाहेर बाकावर बसली आहे, तिलाही ऐकू गेला असेल. मी सांगितले तेच लिहिले आहे, ते खरे आहे, म्हणून सही करते.