गव्हाणीत जागा नव्हती

मंडळी, पेटी जरा थांबवा, मला एक विचारायचंय! नाताळचा फराळ झाला? घरोघर ताटं पोचली? काहींच्या दाढेत करंजी अजून आहे — असू द्या! देवाला सगळं दिसतं, मलाही पुढच्या रांगेतलं दिसतं! तर सांगा, हे ताट आपण का पाठवतो? शेजारणीला करंजी येत नाही म्हणून? आपली किती खुसखुशीत झाली, ते तिला कळावं म्हणून? आता बायका खाली बघायला लागल्या! ऐका तर.

एस्तेरबाई शिरसाठ नावाची एक बाई होती. आपल्या गावातली नव्हे हं, लांबची! उगाच एकमेकींकडे बघू नका. हात सढळ, जीभ त्याहून सढळ. तिच्या घरात सासूपासून चालत आलेली रीत होती. नाताळच्या महिन्यात कुणाचं भलं केलं, की घरातल्या नाताळच्या देखाव्यातल्या गव्हाणीत गवताची एक काडी ठेवायची. का? तर नाताळच्या सकाळी मातीचं बाळ त्यात निजवायचं, त्याला मऊ लागावं म्हणून. किती गोड रीत! पण एस्तेरबाईनं तिची शर्यत केली. कुणाशी? स्वतःशीच! गावात कुणी शिंकलं, की ही काढा घेऊन हजर. तो म्हणतो, "मावशी, मिरचीचा ठसका लागलाय!" "तरी पी!" पाजला काढा, ठेवली काडी! म्हातारे तिला बघून गल्ली बदलायचे.

आता दुखणं सांगतो. भिंतीला भिंत लागून धाकटी जाऊ राहायची, रूथ. आदल्या नाताळला एस्तेरबाईनं तिच्याकडे ताट धाडलं. ताट रिकामं परत करू नये, ही आपली पद्धत. निदान चिमूटभर साखर तरी घालतो. पण रूथच्या नवऱ्याचं काम सुटलेलं, डब्यात साखरही नव्हती! तिनं ताट घासून-पुसून रिकामंच परत दिलं. आणि एस्तेरबाईनं काय केलं? महिला मंडळात सांगितलं! "आमच्या धाकटीला रीतभात नाही हो." रूथ भांडली नाही. तिनं बोलणं सोडलं, चर्चला येणं सोडलं. वर्ष गेलं. आता नवऱ्याला पुण्यात काम लागलेलं, नाताळ झाला की बिऱ्हाड हलणार. अशी अढी घेऊन माणूस गेलं, की ते परत येतं का हो?

नाताळची सकाळ! एस्तेरबाई नवी साडी नेसून आली, बाळ गव्हाणीत ठेवलं — घसरलं! दाबून ठेवलं — घरंगळलं, थेट मातीच्या गाढवावर! गवताचा नुसता डोंगर झालेला. नवरा शांतवनराव, फार कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "अगं, बेथलेहेमच्या सराईत जागा नव्हती, ते ठीक. आपल्या गव्हाणीतही नाही?"

बाई मटकन खाली बसली. हं, तबला सावकाश, म्हणा माझ्याबरोबर —

गव्हाणी भरली काठोकाठ,
बाळ बघे बाहेर वाट!

ती काड्या उपसायला लागली. "ही काढ्याची... ही भाकऱ्या दिल्याची..." एक काडी हातात आली आणि ती थांबली.

"ही कशाची?" नवऱ्यानं विचारलं.

"रूथला माफ केल्याची."

"तिला सांगितलंस?"

"नाही. मनातल्या मनात केलं."

बघा! घरबसल्या माफी, त्या बिचारीला पत्ताच नाही! शांतवनराव म्हणाला, "तिचं काय चुकलं होतं गं, माफ करण्यासारखं?"

एस्तेरबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती उठली, फडताळातून ताट काढलं. नवऱ्याला वाटलं, आता भरणार. भरलं नाही! तशीच शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. आत गाठोडी बांधलेली.

"रूथ, रिकामं ताट घेऊन आलेय. चारचौघींत तुझी अब्रू घालवली मी. माझं चुकलं. मागायला तोंड नाही, तरी मागते. काहीतरी घाल."

रूथ हळूच म्हणाली, "जाऊबाई, माझ्या करंज्या फुटल्यात. सारण तेलात गेलं."

"फुटक्या दे."

रूथनं दोन फुटक्या करंज्या ताटात ठेवल्या आणि तिला रडू फुटलं. "आत या," म्हणाली, "चहा टाकते." दोघी चर्चला उशिरा पोचल्या, एकाच बाकावर बसल्या. इकडे बाळाला शांतवनरावानं निजवलं, उरलेल्या मूठभर गवतावर.

मंडळी, देवानं आपलं लेकरू आपल्या दारी पाठवलं. कसं पाठवलं? सोनंनाणं वाटत? नाही! उघडंवाघडं, दुधासाठी रडणारं! सगळ्या जगाला देणारा, तो मागणारा होऊन आला. आपल्याला मात्र जन्मभर देणारंच राहायचंय, कारण देणाऱ्याची मान ताठ राहते. तुमचं ताट ज्या दारी जात नाही, ते दार तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. आज तिथे जा. करंज्या नसल्या तरी चालेल, 'माझं चुकलं' एवढं न्या.

अहो, मनोहरराव, कीर्तन संपायच्या आत कुठे निघालात? — भावाकडे? मग बसा कशाला म्हणू! सरका रे, वाट द्या त्यांना!