रामटेके बाईची वायर

तुम्ही मले एक्सपर्ट म्हणता ना, तं जिवती गावचं ऐका.

तिथल्या एका ऑफिसात बारा कम्प्युटरवर नवीन विंडोज टाकायचं होतं. म्हटलं, एकेकापाशी कोण बसते? नेटवर्कवरून सगळ्याइले एकदमच टाकतो.

"बॅकअप घेतला का?"

सगळे म्हणे, "हो भाऊ."

दिलं बटण दाबून. जुनं सारं पुसलं, नवीन चढलं.

"आणा आता बॅकअप."

"तो रामटेके बाईच्या मशीनवर हाय ना भाऊ. सगळ्याइचा तिथीच राह्यते."

बाईची मशीन त्या बारातलीच! लोकायचे सालभराचे अर्ज, दाखले, सारं गेलं म्हटलं. धावत गेलो, तं बाई आरामात जुन्याच विंडोजवर टाईप करून राह्यल्या. नेटवर्कची वायर टेबलावर गुंडाळून ठेवलेली.

"बाई, वायर काऊन काढली?"

"गडगडून नाई राह्यलं का भाऊ? मागच्या साली वीज पडली, तं वायरीतून येऊन मशीन जळली. तवापासून आभाळ आलं का मी काढतेच."

मी तिथीच बाईच्या पाया पडलो.

आता शिकवायले कुठीबी गेलो, तरी पहिला धडा बाईचाच सांगतो: आभाळ असो का नसो, एका मशीनची वायर काढून ठेवा.