माझी आई, वयाने अकरा वर्षांनी मोठी

…आणि वर त्या इमिग्रेशनच्या पत्रात काय लिहिलंय म्हणता? 'अर्जदार आणि त्याची आई यांच्या वयात फक्त अकरा वर्षांचं अंतर आढळतं, तरी नातं सिद्ध करणारा पुरावा द्यावा.' सिद्ध! अहो, आई आहे ती माझी! तिनं मला धुतलंय, पुसलंय, उंटाच्या दुधावर वाढवलंय, चपलेनं मारलंय, आणि इथं मिनिआपोलिसमध्ये पत्राखाली सही करणारा कुणीतरी मला विचारतोय, ही कोण?

पत्र घेऊन मी तसाच वकीलबाईंकडे गेलो. लिंडक्विस्टबाई, फार सज्जन, पण चेहरा असा की घराला आग लागली तरी म्हणतील, जरा ऊब आलीय नाही? पत्र वाचलं, चष्मा काढला, म्हणाल्या, "गुलेद, साधी गोष्ट आहे. जन्मदाखला द्या."

साधी! ऐकताय ना? बाई, म्हटलं, मोगादिशूत ज्या कचेरीत दाखले मिळायचे तिथं आधी दाखले जळाले, मग कचेरी जळाली, मग सरकारच गेलं. दाखला मागू कुणाकडे?

आता हे अकरा वर्षांचं काय, ते तुम्हाला सांगतो, कारण तुम्हालाही शंका येत असणारच, तोंडावर दिसतंय.

लढाईत वडील गेले, आम्ही सरहद्द ओलांडून केनियात, दादाबच्या निर्वासित छावणीत आलो. नोंदणीची रांग. ऊन असं की सावलीसुद्धा सावली शोधतेय. टेबलामागे एक केनियन कारकून, त्याच्यापुढे चारशे माणसं. तो विचारतो, "मुलाची जन्मतारीख?" आईनं सुरुवात केली… "दबाधीरचा दुष्काळ सरला ना, त्याच्या पुढल्या वर्षी, पाऊस पडून गेला होता, माझ्या मामाची सांडणी व्याली आणि तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुपारच्या नमाजाच्या आधी हा झाला." कारकून म्हणतो, "बाई, आकडा सांगा, आकडा." आई म्हणते, "सांडणी सांगितली ना!" त्यानं घाम पुसला, माझ्याकडे एक नजर टाकली आणि लिहिलं… वय चौदा, एक जानेवारी. मी सोळा पुरा होतो हो! पण आमच्या अख्ख्या रांगेलाच त्यानं एक जानेवारी वाटली, तांदूळ वाटावेत तशी.

मग आईची पाळी. आई तेव्हा पस्तिशीची. पण काटक, ताठ कण्याची. तो बिचारा म्हणाला, "पंचवीस लिहू?" आणि आई लाजली! मी स्वतः पाहिलंय. आयुष्यात एकदाच लाजली, पदर सारखा केला, म्हणाली, "लिही बाबा." झालं! पंचविसातून चौदा गेले, उरले किती? ते उरलेले घेऊन मी आज दारोदार हिंडतोय!

पुढं मला अमेरिकेचा व्हिसा मिळाला. आजीचे पाय गेलेले, ती छावणीतून हलेना. आई म्हणाली, "तू हो पुढं, मी माझ्या आईपाशी थांबते." थांबली, ती थांबलीच. मी इकडे आलो, शाळेची बस चालवायला लागलो, होदानशी लग्न झालं, परीक्षा दिली, हात वर करून शपथ घेतली, नागरिक झालो. तिकडे आजी वारली. आई नैरोबीला मावसबहिणीकडे, दुसऱ्याच्या घरात एका खाटेवर. म्हटलं, आता आणू. नागरिक झालेला मुलगा आईला आणतो, सगळेच आणतात. अर्ज टाकला, तर उत्तर म्हणून हे पत्र!

तर वकीलबाई म्हणाल्या, "दाखला नसेल तर डीएनए. साधी गोष्ट आहे. गालाच्या आतून कापूस फिरवायचा."

पुन्हा साधी!

माझ्या गालातून इथं फिरवला. आईच्या गालातून नैरोबीत, वकिलातीच्या माणसासमोर फिरवायचा होता. फोनवर समजावलं तर भडकली. "तोंड उघडून दाखवू? दात बघून घ्यायला मी काय बाजारातली सांडणी आहे?" म्हटलं, आई, अगं शास्त्र आहे ते. "शास्त्राला म्हणावं, मी बोलतेय ना, त्याच तोंडानं सांगते, मुलगा माझा!" तीन दिवस समजूत काढली. शेवटी गेली, कापूस दिला, वर त्या डॉक्टरणीला तिच्याच दातांबद्दल सल्ला देऊन आली.

आणि मग… वाट. सहा आठवडे! मी रोज दोनदा पेटी उघडायचो. टपालवाली मला बघून रस्ता बदलायला लागली.

वाट बघायला बसायचं कुठं? चहाच्या दुकानात. आणि तिथं कोण? दिरिये लंबू. टॅक्सी चालवतो, पण टॅक्सीपेक्षा तोंड जास्त चालतं. सांबुसा चावत मला म्हणतो, "गुलेद, साधी गोष्ट आहे, पण रिपोर्ट उलटा आला तर?"

उलटा म्हणजे?

"म्हणजे माझ्या चुलतभावाच्या मेहुण्याचं झालं तसं. पन्नाशीचा माणूस, आणि रिपोर्ट म्हणतो, ही आईच नव्हे! अरे, दुष्काळात किती बायका गेल्या, किती तान्ही पोरं शेजारणींनी पदराखाली घेतली. कोण सांगत बसतं? तू दबाधीरनंतरचाच ना?"

चहा तसाच टाकून उठलो मी. वल्लाही सांगतो, त्या दिवसापासून झोप गेली. आरशासमोर उभा राहायचो. नाक… वडिलांचं. कान… वडिलांचे. आईचं काय? काहीच नाही! होदानला विचारलं, नीट बघ, माझ्यात आईचं काय आहे? ती भाकरी उलटताना न बघता म्हणाली, "हट्ट." पण हट्ट रिपोर्टात धरतात का? बसमधली पोरं विचारायला लागली, मिस्टर गुलेद, तुम्ही आमच्या शाळेवरून पुढं का गेलात? दोनदा गेलो पुढं, दोनदा!

शेवटी एक दिवस दुपारी, सकाळच्या फेऱ्या संपल्यावर, रिकाम्या बसमध्ये बसून फोन लावला. इकडचं तिकडचं बोललो. मावशीचा गुडघा, विजेचा लपंडाव… आणि मग म्हटलं, "हूयो… आई, मी तुझाच ना?"

पलीकडे शांतता.

अहो, माझी आई आणि शांतता! मी घड्याळ बघतोय. लाइन तुटली का? हॅलो… हॅलो… आणि मग आवाज आला, हळू, एकदम हळू. "गुलेद, तुझ्या वेळी मी दोन दिवस आणि एक रात्र ओरडत होते. तुझं डोकं आजही तेवढंच मोठं आहे. आणि उचलायचंच असतं ना दुसऱ्याचं पोर, तर शांत पोर उचललं असतं मी! हे असलं उचललं असतं?"

आणि फोन आपटला. मी तसाच बसलो, स्टिअरिंगवर डोकं टेकून. हसत होतो की रडत होतो, मला विचारू नका.

रिपोर्ट आला. नव्व्याण्णव पूर्णांक नव्व्याण्णव टक्के! वकीलबाई म्हणाल्या, "बघा, म्हटलं नव्हतं, साधी गोष्ट आहे?" आणि दिरिये लंबू? तो म्हणतो, "आणि उरलेलं कुणाचं?"

पण संपलं नाही हो. नैरोबीत मुलाखत. आठवडाभर फोनवर आईची तालीम घेतली. मुलाचा जन्म कधी? एक जानेवारी. दुसरं काही बोलायचं नाही. सांडणी नको, मंगळवार नको, मामा नको. कबूल? कबूल. मुलाखत झाली, फोन आला, मी विचारलं, काय विचारलं साहेबानं? "तुझा जन्म कधी ते विचारलं." तू काय सांगितलंस? "दबाधीरचा दुष्काळ सरला ना…"

आई!!

"ओरडू नकोस. जानेवारीत आपल्याकडे पाऊस असतो का? मग खोटं कसं सांगू? पोरगा चांगला होता. सगळं ऐकून घेतलं, रिपोर्ट बघितला, मग दुभाष्याला विचारतो, त्या सांडणीला नर झाला की मादी? मादी, म्हटलं. हसला आणि व्हिसा मिळेल म्हणाला."

तर आली आई. फेब्रुवारीत! विमानतळाचं दार उघडलं, बाहेर पारा शून्याखाली वीस. तिनं एक श्वास घेतला, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "याच्यासाठी थुंकी घेतली माझी?" मग माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि सोडेचना. मागे लोक सामान घेऊन तिष्ठत उभे. मीही नाही सोडवून घेतलं.

म्हटलं, आता आराम कर. नातवंडं खेळव, चहा पी. पण ती घरात बसेना. तिसऱ्या आठवड्यात होदानला घेऊन इंग्रजीच्या वर्गात नाव घालून आली. म्हटलं, आई, नागरिकत्वाचा अर्ज करायला पाच वर्षं आहेत, घाई कसली? तर म्हणाली, "वीस वर्षं मी कुणाचीच नव्हते. रेशनकार्डावरचा नंबर होते. आता ज्या देशाची होईन, त्याचं सगळं पाठ करून होईन."

आता रोज संध्याकाळी जेवण झालं की ती नागरिकत्वाच्या परीक्षेच्या शंभर प्रश्नांची वही घेऊन समोर बसते. होदान उत्तरं तपासते. सिनेटर किती? घटनादुरुस्त्या किती? अमक्या युद्धात राष्ट्राध्यक्ष कोण? उत्तरं फडाफडा, चुकली तर स्वतःच्याच कपाळावर हात मारते. काल म्हणाली, "थांब, तू तर नागरिक आहेस ना? बघू." आणि मला समोर बसवलं. दहा प्रश्न विचारले हो. पास व्हायला सहा लागतात.

चार आले मला.