आमच्या वावरातला पाहुणा

जमिनीची भांडणं तुम्ही पुष्कळ ऐकली असतील, पण आमच्या आईसारखी भांडलेली बाई पाहिली नसेल. सत्तरच्या दशकात सीलिंगच्या कायद्याने गावच्या मालगुजाराची, म्हणजे जुन्या जमीनदाराची, जास्तीची जमीन सरकारने वाटली, तेव्हा कामठीजवळच्या आमच्या गावात आम्हालाही एक वावर मिळालं. ताबा द्यायला तहसीलदार आले. आईने वावरातच चूल मांडून साहेबांना वांग्याची भाजी अन् भाकर वाढली.

तेवढ्यात मालगुजार तणतणत आला. आम्ही बौद्ध. आमच्या घरचं पाणीही त्याने कधी घेतलं नव्हतं.

"काहून वं, माह्या वावरात चूल पेटवून राहिली?"

बाबा घाबरून उभे राहिले. आई मात्र हसली. "या पाटील, जेवाले बसा. आज तुम्हीबी आमचे पाहुणे."

साहेब सरकून म्हणाले, "बसा हो, भाजी झकास आहे."

उन्हातून चालत आलेला भुकेला माणूस. थोडा वेळ घुटमळला, मग बसला आणि दोन भाकरी जेवला.

हात धुताना तहसीलदारांनी विचारलं, "पाटील, पाहुणे म्हणून जेवलात. आता वावर कोणाचं, हे वेगळं सांगू का?"

मालगुजाराने ढेकर दिला, धोतर झटकलं आणि जाता जाता एवढंच म्हणाला, "मीठ जरासं कमी होतं."